धूर हाय अजून

'अग्नी हा मानवी संस्कृतीचा आद्य शिल्पकार होय.'

हे वाक्य माझं, मिस्त्रींच्या चुलीच्या माहितीपत्रकासाठी लिहिलेलं. लिहिलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं, कानावरची पेन्सिल काढली आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"मास्तर, ह्ये ऱ्हाऊ दे. राखंचा ट्रे कुटल्या बाजूला हाय, ते आदी लिवा."

मी कोल्हापुरात एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. लग्नपत्रिका, वास्तुशांत, वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजल्या. माणसांना लावलेली विशेषणं वाचण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे ती मलाही लागलेली आहेत. मिस्त्री आमच्याच गल्लीतले. उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक चूल घडवत बसायचे. लाकूड न लागणारी. उसाचं चिपाड आणि लाकडाचा भुसा दाबून बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात, त्यांच्यावर चालणारी. थंड देशांत अशा शेगड्यांवर घर ऊबदार ठेवतात म्हणे. मिस्त्रींना भाकरी भाजायची होती.

कारण घरात होतं. वहिनींना, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोला, दम होता. दोघंही मूळची चंदगडकडची. तिकडं चार महिने पाऊस थांबत नाही आणि लाकूड कधी वाळत नाही. लहानपणापासून ओली लाकडं फुंकून फुंकून वहिनींची छाती गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, धुराजवळ जायचं नाही. घरात गॅस होता. पण वहिनी गॅसवर चहापलीकडं जात नव्हत्या.

"गॅसवर भाकरी फुगती, पन भाजत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. मागच्या दारी तीन दगड मांडून त्या गुपचूप भाकऱ्या करायच्या आणि मग अर्धा तास भिंतीला धरून उभ्या राहायच्या. मिस्त्री त्यांना रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमध्ये पत्रा कापायला घेतला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बायकोला एक शब्द गोड बोलणार नाहीत, पण तिच्यासाठी पाच वर्षं पत्रा कापतील.

चुलीची रचना मला मिस्त्रींनी इतक्या वेळा समजावली आहे की आता मी ती झोपेतही सांगेन. वर कांड्यांचा डबा, त्याला हॉपर म्हणायचं. त्याच्या बुडाशी एक आडवा स्क्रू. स्क्रू फिरला की चार-सहा कांड्या पुढं सरकतात आणि भोकाभोकांच्या लोखंडी वाटीत पडतात. जळायचं ते वाटीत. वाटीच्या बुडाला एक दांडी बसवलेली, ती तापून लाल झाली की पहिली कांडी पेटते. मग काडेपेटी नको, रॉकेल नको, फुंकणी नको. मागं एक पंखा. तो वाटीला खालून हवा देतो आणि धूर नळीतून भिंतीबाहेर ढकलतो. खाली राखेचा ट्रे.

यातलं काहीच मिस्त्रींनी नवं आणलेलं नव्हतं. स्क्रू फिरवायला भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर. पेटवायची दांडी म्हणजे जुन्या जीपच्या डिझेल इंजिनातला ग्लो प्लग. पंखाही कुठल्याशा गाडीतलाच. पहिला स्क्रू खिम्याच्या मशीनचा होता.

"आगीला दोनच गोष्टी लागत्यात," मिस्त्री सांगायचे. "खायाला आनि वारं. खायाला जास्ती झालं की धूर. वारं कमी पडलं की धूर. बाकी सगळं झाकन."

धूर मोजायला त्यांच्याकडं यंत्र नव्हतं. चूल पेटली की ते गुडघ्यावर बसायचे, चुलीच्या दाराशी तोंड न्यायचे, डोळे मिटायचे आणि अत्तर हुंगावं तसा लांब श्वास घ्यायचे. मग खोकायचे. खोकून झालं की निकाल सांगायचे.

"धूर हाय अजून."

एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, रोज असा धूर ओढताय, तुमच्या छातीचं काय?"

"मास्तर, मीटर खराब झालं तर नवं आनायचं. आदी माप तर कळू दे."

वहिनींना तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मिस्त्रींचाही खोकला ऐकला आणि विचारलं, "तुमच्या घरात चूल आहे का?" मिस्त्री अभिमानानं म्हणाले, "हाय की. बिनधुराची." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. काय लिहिलं ते मिस्त्रींनी वाचलं नाही.

दोन-तीन वर्षांत चूल इतपत झाली की मागच्या गल्लीतल्या एका जैन कुटुंबानं ती मागितली. मिस्त्रींनी खिम्याचा स्क्रू काढून टाकला आणि लेथवर कोरा स्क्रू कातून घेतला. कुणी विचारलं नव्हतं. "त्येंनी न्हाय इचारलं, पन मला तर म्हाईत हाय," म्हणाले. चूल बसवली. घरातल्या काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं, वर दुधाचं भांडं ठेवलं आणि सगळे गोल उभे राहिले. नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालवायचं, ही आपली रीत. दूध उतू गेलं. शुभ झालं. मग ते फेसासकट वाटीत उतरलं, ग्लो प्लग तडकला, आणि काकूंच्या स्वयंपाकघरात एवढा धूर झाला की देवघरातले देव दिसेनात.

दुसरा कुणी असता तर माहितीपत्रकात तळटीप घातली असती : दूध उतू घालवू नये. मीही तीच सुचवली.

"न्हाय, न्हाय," मिस्त्री म्हणाले. "दूध उतू जानारच. ते जायाला वाट नको व्हय?"

त्यांनी वरच्या पत्र्याला सभोवार पाळ घातली आणि बाजूला पन्हळ काढली. त्यानंतर त्यांच्या चुलीवरून कितीही दूध उतू गेलं तरी ते वाटीला न शिवता पन्हळीतून बाहेर पडायचं. मी ती पन्हळ 'विशेष सुविधा' या मथळ्याखाली घातली. मिस्त्रींनी 'विशेष' खोडलं.

मग वीज. लाईट गेली की पंखा थांबायचा, पंखा थांबला की नळीतला धूर मागं फिरायचा, आणि आपल्याकडं लाईट स्वयंपाकाच्या वेळीच जाते. त्या धुरात वहिनी दोनदा सापडल्या. दुसऱ्या वेळी त्यांना रिक्षात घालून न्यावं लागलं. परत आल्यावर मिस्त्रींनी आपल्या स्कूटरची बॅटरी काढून चुलीला जोडली. स्कूटर पुढं वर्षभर लाथ मारून सुरू करत होते.

एका मंडळानं त्यांचा सत्कार केला, तेव्हा मी हजर होतो. व्यासपीठावर चूल पेटवून दाखवायची होती. सजावट करणाऱ्यांनी चुलीची नळी दिसायला बरी नाही म्हणून तिच्या तोंडावर झालर गुंडाळली. अध्यक्ष 'धूरमुक्त भारत' या शब्दापर्यंत आले आणि पहिल्या तीन रांगा दिसेनाशा झाल्या. मिस्त्रींनी अंगावरची सत्काराची शाल काढली, हाताला गुंडाळली आणि जळती झालर ओढून काढली. येताना मला शाल दाखवून म्हणाले, "कामाला आली बगा." पुढं ती शेडमध्ये गरम नळी धरायलाच होती.

भाकरीचा प्रश्न शेवटी सुटला. मिस्त्रींनी वाटीसमोर एक जाळीचं दार केलं, तव्यावरची भाकरी त्याला टेकून निखाऱ्यासमोर उभी करता येईल असं. वहिनींनी एक भाकरी उभी केली, फिरवली, काढली, मोडली. मिस्त्री दारात उभे. मी त्यांच्या मागं.

"बरी हाय," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्री गुडघ्यावर बसले, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. खोकले नाहीत.

"न्हाय," म्हणाले. "धूर न्हाय." आणि उठून शेडमध्ये गेले.

त्यानंतर त्यांनी एकच भर घातली, टायमर. सकाळी उठल्याबरोबर वहिनींना खाली वाकून काही करायला लागू नये म्हणून चूल साडेपाचला आपली आपण पेटायची. मिस्त्री रोज दिवेलागणीला हॉपरमध्ये डबाभर कांड्या ओतायचे, सकाळच्या स्वयंपाकापुरत्या, आणि टायमरला हात लावून बघायचे. वहिनींना त्यांनी कुठलंही बटण दाखवलं नाही. "तू भाकरी कर. बाकीचं त्येचं त्ये करतंय."

माहितीपत्रक छपाईला जाताना माझ्या दोन शंका राहिल्या होत्या. पहिली, मी लिहिलं होतं 'राख नगण्य उरते'.

"नगन्य म्हंजी किती?"

"म्हणजे अगदी थोडी."

"मग मूठभर लिवा. लोकांकडं मूठ असती."

दुसरी, चूल बंद कशी करायची ते कुठंच आलं नव्हतं. मिस्त्री जरा चिडले. "कांड्या संपल्या की इझती की. चांगली पेटलेली मधीच कशाला मारायची?" मी ते तसंच सोडलं. तपासनीस म्हणून ती माझी चूक.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मिस्त्रींनी डबाभर कांड्या ओतल्या, टायमरला हात लावला, वहिनींना पाणी मागितलं आणि पाणी येण्याआधी गेले. चंदगडहून त्यांचे थोरले चुलतभाऊ आले आणि त्याच रात्री सगळं उरकलं. मंडळानं गल्लीच्या तोंडाला फलक लावला. त्यावर मिस्त्री 'अग्निविद्येचे थोर उपासक' होते. विशेषण मंडळाचं, मुद्रितं माझी.

आमच्याकडं रक्षाविसर्जन होईपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही. गल्लीतून डबे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाची पाळी आमची होती, म्हणून मी थर्मास घेऊन उजाडायच्या आधीच गेलो. वहिनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. चुलतभाऊ दाराशी. मी चहा ओतत होतो.

साडेपाच वाजले आणि कोपऱ्यात 'टक' झालं.

वायपरची मोटर घरघरली. वाटीत चार कांड्या पडल्याचा आवाज आला. पंखा फिरू लागला, आणि थोड्या वेळानं जाळीमागं उजेड झाला.

"कुनी पेटवली?" चुलतभाऊ ताडकन उठले.

"कुणी नाही," मी म्हणालो. "तिची तीच पेटली."

"तिची ती कशी पेटंल? सुतकात घरात इस्तू? बंद करा आदी!"

त्यांनी जाऊन मेन स्विच खाली ओढला. घरातले दिवे गेले. चूल स्कूटरच्या बॅटरीवर चालू राहिली. तिच्या उजेडात त्यांनी तांब्या शोधला आणि वरून पाणी ओतलं. ते पाळीला अडलं आणि पन्हळीतून, दुधासाठी केलेल्या वाटेनं, नीट बाहेर गेलं. चुलतभाऊ पन्हळीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"मास्तर, ह्येचं पुस्तक तुमीच लिवलंय न्हवं? बंद कशी करायची सांगा की!"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग वायरच तोडतो." ते खाली वाकले.

"भावजी, नगा." वहिनी कालपासून पहिल्यांदाच बोलल्या. "पंखा थांबला की धूर हुईल."

चुलतभावांचा हात वायरीवर होता.

"आनि मी न्हाय पेटवली," वहिनी म्हणाल्या. "त्येंनी पेटवलीया. काय इचारायचं ते त्येंनाच इचारा."

चुलतभावांनी वायर सोडली. तांब्या खाली ठेवला आणि डोक्याला हात लावून बसले. आम्ही तिघं त्या उजेडात बसून राहिलो. चुलीवर तवा नव्हता. कांड्या पडत होत्या, जळत होत्या. थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "पानी तरी ठिवा वर. आच वाया जाती." चुलतभावांनीच उठून पातेलं ठेवलं. पुढं त्याच पाण्यानं त्यांनी अंघोळ केली.

"मास्तर," वहिनी म्हणाल्या, "बगा जरा, धूर हाय का."

मी गुडघ्यावर बसलो, डोळे मिटले आणि चुलीच्या दाराशी तोंड नेऊन लांब श्वास घेतला. कोरड्या लोखंडाचा वास होता. "नाही," मी म्हणालो.

आठच्या सुमाराला स्क्रू रिकामाच फिरू लागला. जाळीमागचा उजेड लाल झाला, मग गेला. पंखा थोडा वेळ फिरत राहिला आणि थांबला. गार झाल्यावर मी ट्रे ओढून पाहिला. माहितीपत्रकात म्हटल्याप्रमाणे तो डाव्या बाजूला होता.

राख मूठभर होती.