वन्संचा शनिवारचा तास

इतिहासात नाव कमावलेल्या एकूण एक बाईशी आमच्या वन्संचा घरोबा आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, मुक्काम आमच्याच घरी, नगरला सावेडीत. त्यांच्या बोलण्यात राण्या, डॉक्टरिणी, मास्तरणी अशा येतात-जातात की नव्या माणसाला वाटावं, या सगळ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. माझ्या डब्याला उशीर झाला की म्हणतात, "ती मूल पाठीशी बांधून लढली गं, आणि तुला चार पोळ्या होईनात." मी गुमान लाटणं चालवते.

दर शनिवारी सकाळी नगरबाहेरच्या एका गावातल्या शाळेत जाऊन वन्सं मुलांना या बायकांच्या गोष्टी सांगतात. हौस त्यांची; स्कूटर माझी आणि बुडणारी सुट्टीही माझीच. आठवडाभर कचेरीत पिचून निघाल्यावर शनिवारी तरी आठपर्यंत लोळावं, एवढीच माझी माफक इच्छा, पण साडेसहाला वन्सं पिशवी घेऊन फाटकात हजर. पिशवीत एक जादा साडी असते. मुलींना शिकवायला निघालेल्या बाईवर लोक शेण फेकायचे, म्हणून ती दुसरं लुगडं जवळ बाळगायची, हे वन्सं साडी मुलांच्या हातात देऊन सांगतात. एकदा वाटेत म्हशी आडव्या आल्या आणि वन्संवर खरोखरच शेण उडालं. मी म्हटलं, "बदला ना, आहे की पिशवीत." "ती शिकवायची साडी आहे," असं म्हणून त्या तशाच वर्गात गेल्या. मुलांना तो तास भलताच आवडला.

नावाच्या बाबतीत त्या फार कडक. माहेरचं, सासरचं, सगळं नाव नीट घेतल्याशिवाय गोष्ट सुरू होत नसे. पण दिवाळीनंतर एका शनिवारी, एकटीच आगबोटीने अमेरिकेला जाऊन डॉक्टर झालेल्या मुलीची गोष्ट नावावाचूनच सुरू झाली. रंगली मात्र छान. शेवटी एका पोरीनं विचारलं, "बाई, तिचं नाव काय हुतं?" वन्सं थांबल्या. जे नाव मी वर्षानुवर्षं उठता-बसता ऐकलं, तेच त्यांना आठवेना. मग म्हणाल्या, "ते तुम्ही शोधून आणायचं." पुढच्या शनिवारी अर्धा वर्ग दारातच उभा. ती पोरगी सगळ्यांत पुढे. "बाई, गावलं. माझ्या आज्जीला बी ठावं हाय."

तेव्हापासून हीच रीत पडली. मुलांना तो खेळ वाटतो, हेडमास्तरांना नवी अध्यापनपद्धत. खरं काय ते फक्त आम्हां दोघींना ठाऊक, आणि आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

गेल्या शनिवारी परत येताना मात्र मागून म्हणाल्या, "अगं, कुणाच्या लक्षात यायच्या आत थांबावं म्हणते." खोटं कशाला सांगू, आधी मला माझं अंथरूण दिसलं. फार दमलेय मी. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी सुटले असते. मी स्कूटर जरा हळू केली. मग म्हटलं, "आजच्या बाईचं नाव पोरं शोधून आणणार ना? मग ते ऐकायला कोण जाणार?"

वन्संनी माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. हळूच म्हणाल्या, "तू मला आधी सांगू नकोस हं. पोरांकडूनच ऐकते."

नाव माझ्या अगदी ओठांवर होतं. घर येईपर्यंत मी ते तसंच धरून ठेवलं.