आनंदीकाकीची वेल

आमच्या वाडीत कुणालाही विचारा, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर पसरलेली ती पिवळ्या फुलांची वेल कसली? "आनंदीची येल," म्हणतील. मेल्यांनो, नाव ठेवायला काकी बरी सापडली! तुमच्या दारात वेल लावायला काय ती आली होती? फांद्या मागून नेल्या त्या आपणच सगळ्यांनी. त्यात मीही आहे, आधीच सांगते. मी किशोरी, तिची शेजारीण.

काकीला फुलांचा भारी सोस. वीसेक वर्षांपूर्वी ती सावंतवाडीला नणंदेकडे गेली होती. तिथे एका बंगल्याच्या बागेत तिला ही वेल दिसली. ओल्या गोणपाटात चार फांद्या गुंडाळून बाई एसटीने घरी! "किशोरी, घेवन जा गो. पाणी नको, खत नको, आपसूक वाढता," मला म्हणाली. देवाला बारा महिने ताजं फूल. आम्ही सगळ्या खूश.

काकीचा एक नेम होता. देवाला वाहिलेलं फूल पायदळी जाता कामा नये. रोज सकाळी शिळी फुलं परडीत भरून ती व्हाळात सोडायची. एकेक फूल खुडत बसायला वेळ कुणाला? हातभर वेल तोडायची, तसाच हार करायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच पाण्यात. तिचं बघून आम्हीही तेच करू लागलो. त्या वेलीचं पेर मातीला टेकलं की मूळ धरतं, हे कुणाच्या डोक्यात आलं? आम्हाला आपलं वाटायचं, केवढं पुण्य करतोय!

वेल काठाला लागली आणि बघता बघता सगळा काठ खाऊन बसली. तिच्याखाली तेरडा गुदमरून गेला. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडाच. बायकांनी व्हाळावर जायचं, मुळासकट तेरडा उपटून आणायचा आणि त्यालाच साडी नेसवायची. नवी सून पहिल्या वर्षी त्या गौरीपुढे सूप भरून ओवसा करते. गेली तीन वर्षं आम्ही तेरडा कसालच्या बाजारातून आणतोय. "इकत हाडलेली गवर ती," काकी म्हणायची, "माहेराक इली असा वाटणाच नाय."

यंदा तिच्या नातवाचं, ओंकारचं लग्न झालं. नातसून प्रियांका देवगडची. तिच्या ओवशाला गौर व्हाळावरचीच हवी, असं काकीने मनात धरलं. शिमगा झाल्यापासून चौऱ्याहत्तर वर्षांची बाई काठावर बसून वेल उपटायची. पहिला ढीग तिथेच टाकला, तर त्यालाही मुळं फुटली. मग भारे बांधून कातळावर वाळत घालू लागली आणि जाळू लागली. "काकी, कंबर मोडून घेशील," मी ओरडायचे. मान वर न करता म्हणायची, "माझाच पाप आसा ता."

गौरीच्या दिवशी ताट घेऊन आम्ही तिघी व्हाळावर गेलो. एवढ्या साफ केलेल्या काठावर तेरड्याचं एकच रोप होतं. दोन फुलं, चार हिरव्या शेंगा. प्रियांका हरखली, वाकून तिने हात घातला. काकीने तिचं मनगट धरलं.

"उपटू नको गो. बी पडांदे."

"पण आजी, माझा ओवसा?"

काकीचे डोळे भरून आले. "घराक बाजारातली आसा. तिच्याच फुडे कर, बाय. हिका हळदकुंकू लाव आणि चल."

पोरीने हळदकुंकू लावलं. मग ताटातली फुलं वाहायला घेतली. पिवळी फुलं, देठाशी वीतभर वेल. काकीने एकेक करून ती सगळी काढून घेतली आणि पदरात घट्ट बांधली.

घरी आल्यावर ती गौरीकडे गेलीच नाही. सरळ चुलीपुढे बसली आणि पदर सोडून फुलं विस्तवात टाकली. देवाचं फूल पायदळी पडू न देणारी बाई! फुलं ओली होती, पेटेनात. काकी डोळे पुसत फुंकणीने फुंकत राहिली. मी बाजूला उभी होते. त्या सकाळी प्रियांकाने ती फुलं माझ्याच दारातून नेली होती.