पडद्याआड पाहिलेलं

वस्तीत कुणा बाईची मय्यत झाली की खालांना, वस्तीच्या मावशींना, बोलावणं यायचं. बाईच्या मय्यतीला आंघोळ बाईनेच घालायची. पडद्याआड पुरुषाचं काही चालायचं नाही, तिथे खालांचाच शब्द शेवटचा. हे काम त्या सासूकडून शिकल्या. सासूने एकच गोष्ट बजावली होती, "अंगावर जे दिसेल ते पोटात ठेवायचं."

खालांनी ठेवलं. शिंप्याची सून गेली तेव्हा तिच्या पाठीवर काळेनिळे वळ होते, मानेवर बोटं उमटली होती. जिन्यावरून पडली, असं नवरा बाहेर सांगत होता. खालांनी पाणी ओतलं, कफन गुंडाळलं आणि स्वतःचं तोंड शिवून घेतलं.

पुढची सात वर्षं त्या मुलीने त्यांची पाठ सोडली नाही. भांडी विसळताना, नमाजाआधी वजूला हात-तोंड धुताना, पाण्याला हात लागला की ती मान डोळ्यांसमोर यायची. भर दुपारी नळ ठिबकला तरी त्या दचकायच्या. "तुझे कान फारच तिखट झालेत," त्यांचा नवरा थट्टा करायचा. खाला हसायच्या नाहीत.

मग एका सकाळी दुसरी मय्यत आली. घर वेगळं, सून वेगळी, मानेवर मात्र तशीच बोटं. खालांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या पडद्याबाहेर येऊन म्हणाल्या, "आंघोळ होणार नाही. आधी डॉक्टर आणि पोलीस येऊ द्या."

मुलीचा सासरा अंगावर धावून आला. "आम्हाला धर्म शिकवता? दिसलेलं झाकायचं असतं."

"मय्यतीचं व्यंग झाकायचं असतं. मारणाऱ्याचं पाप नाही."

सगळ्यांनी मौलानांकडे पाहिलं.  ते म्हणाले, "खाला बरोबर बोलतात."

त्या मुलीचा नवरा गजाआड गेला. पुढच्या निवडीत जमातीच्या कमिटीवर पहिल्यांदा एक बाई बसली, त्या खालाच. काहींनी नाकं मुरडली, पण तोंडावर बोलायची छाती कुणाची झाली नाही.

पहिली बैठक उठली तेव्हा शिंप्याच्या सुनेची आई दारात उभी होती. "माझ्या मुलीच्या वेळीही तुम्हीच होतात ना?"

खालांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

ती रडली नाही. "तेव्हा सांगितलं असतंत तर," एवढंच म्हणाली आणि ओढणी सावरून निघून गेली. नंतर खालांनी तिच्या घरी दोनदा खेटे घातले. दार उघडलं नाही.

शिंप्याच्या त्याच मुलाशी लग्न होऊन घरात आता दुसरी सून आली आहे. खाला दर शुक्रवारी जाऊन तिच्यापाशी तासभर बसतात. त्यांना नको म्हणायची शिंप्याची हिंमत होत नाही.