कळवतो म्हणजे नाही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी जुळवलेलं स्थळ मोडलं, असं बेंगळुरूच्या शिवाजीनगरात आजवर कुणी ऐकलेलं नाही. स्थळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुलगा किंवा मुलगी येते, आणि एके काळी ते बरोबरही होतं. अण्णांचं घराणं इथे इतकं जुनं की मूळ गाव विचारलं तर ते स्वतःच्या उंबऱ्याकडे बोट दाखवतात. सरकारी कचेरीत फायली हलवून उरलेल्या वेळात त्यांनी इथल्या मराठी घरांतल्या दोन पिढ्यांची लग्नं जुळवली. पुढे पोरं आपापली जुळवू लागली आणि अण्णांचं एवढं मोठं कसब रिकामं बसलं. पण रिकामं बसणं त्यांच्या कुंडलीतच नाही. त्यांनी मुलामुलींच्या जागी व्हिडिओ गेम घेतले, एवढंच. ओळखीत कुणी नवा कन्सोल घेतला की त्या घरात कोणता गेम 'द्यायचा' हे अण्णा ठरवतात, आणि भाषा मात्र तीच जुनी ठेवतात.

मी नागपूरचा, बायको मानसी पुण्याची. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघांचा दिवस बेळ्ळंदूरच्या ऑफिसांत जायचा, संध्याकाळ तिथून घरी येणाऱ्या रस्त्यावर जायची, आणि जो काही वेळ उरायचा त्यात आम्ही एकमेकांशी भयंकर सभ्यपणे वागायचो. "तुला चालेल ना?" "तुला चालत असेल तर मला चालेल." असं करत करत एकदा आम्ही दोघांनाही न आवडणारी दुधीची भाजी आठवडाभर खाल्ली. घरातली शांतता भरून काढायला मी कन्सोल आणला. खोकं जिन्यातून वर नेताना अण्णांनी पाहिलं आणि माझ्या पाठोपाठ तेही कॉफीला हजर झाले. मी त्यांना कन्सोल कुठून घेतला, केवढ्याला पडला वगैरे सांगत होतो आणि ते मान डोलवत "सरी, सरी" म्हणत होते. मानसी ताडकन उठली, धावत बाल्कनीत गेली आणि दोरीवरचे सगळे कपडे गोळा करून आली. बाहेर रणरणतं ऊन होतं. सरी म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक आहे', हे तिला समजावून सांगताना अण्णा इतके हसले की कॉफी बशीत सांडली. "अक्का, तुमच्या पुण्यात ठीक आहे म्हणायला पाऊस पडावा लागतो काय?" पंचाहत्तरीच्या माणसाने आपल्याला अक्का म्हणावं, याचं मानसीला इतकं अप्रूप वाटलं की तिने त्यांना तिथल्या तिथे दुसरी कॉफी दिली.

मग अण्णांनी आमची पत्रिका मांडली. सोफ्यावर कोण कुठल्या बाजूला बसतं, झोप आधी कुणाला येते, राग आला की कोण बोलतं आणि कोण भांडी घासतं. सगळ्यात शेवटी त्यांचा ठेवणीतला प्रश्न आला, "हरल्यावर तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "काही नाही, हसतो." मानसी म्हणाली, "मीसुद्धा." अण्णांचा चेहरा गंभीर झाला. "भांडण नाही घरात? मग कठीण आहे."

मला हवा होता ऑफिसातले सगळे खेळतात तो युद्धाचा गेम. अण्णांनी त्याच्या डबीवर भिंग धरून पुढचं मागचं सगळं वाचलं. "देखणं आहे. घराणंही मोठं. पण कडक मंगळ आहे हो. बघतो, कळवतो." मी पुष्कळ दिवस वाट पाहिली. शेवटी मानसीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अक्का, स्थळाला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. कळवतो म्हणतात. कळवतो म्हणजे नाही. हो असलं तर माणूस तिथंच सरी म्हणून मोकळा होतो." बाकीच्या स्थळांबद्दलही त्यांची मतं अशीच पक्की होती. फुकट मिळणाऱ्या गेमांबद्दल ते म्हणत, "हुंडा नको म्हणतात, आणि मग दर सणाला मागणं सुरू." दरवर्षी नव्या रूपात येणाऱ्या फुटबॉलच्या गेमबद्दल म्हणत, "कोट नवा शिवलाय, आत नवरदेव तोच." आणि ज्यात अख्खं शहरच्या शहर हिंडता येतं अशा अवाढव्य गेमवर त्यांचा शेरा होता, "एकत्र कुटुंब. एकदा आत गेलेला माणूस जेवायलाही बाहेर येत नाही." ही माहिती ते बसून मिळवत नसत. बसने कोरमंगलाला जायचे, तिथल्या एका दुकानात दुकानदाराने दिलेल्या स्टुलावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचे, आणि परत आले की जिन्यातूनच हाक द्यायचे, "एक बघून आलोय!" अशाच एका दिवशी मी आईशी फोनवर बोलत होतो आणि अण्णा आत येत मोठ्यांदा म्हणाले, "हे दुसरं पहिल्यापेक्षा शांत आहे. चार दिवस घरात ठेवून बघा, अक्कांना पटलं तर कायमचं करू!" नागपूरला माझी आई जी मटकन खाली बसली, ती मानसीने स्वतः फोन घेऊन खुलासा करेपर्यंत उठली नाही.

आमच्यासाठी अण्णांनी शेवटी निवडला तो खानावळीचा गेम. दोघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं, एकाने चिरायचं, दुसऱ्याने शिजवायचं, गिऱ्हाईक खोळंबता कामा नये. बघण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी झाला. मानसीने पोहे केले, अण्णांनी ते अवलक्की म्हणून खाल्ले, आणि आम्ही खेळायला बसलो. थोड्याच वेळात पडद्यावरच्या स्वयंपाकघराला आग लागली. "अरे, कांदा दे ना! नुसता उभा काय राहतोस?" मानसी ओरडली. "तू मध्ये येतेस म्हणून!" मीही ओरडलो. मग तिचा आवाज चढला, माझाही चढला, आणि बोलता बोलता कांद्यावरून आम्ही दुधीवर आलो. मला दुधी आवडत नाही हे तिला त्या दिवशी कळलं आणि तिलाही आवडत नाही हे मला. दोघंही खो खो हसत सुटलो. मागे वळून पाहिलं तर अण्णा बशी खाली ठेवून उठले होते. दाराशी थांबून एवढंच म्हणाले, "सरी." आमचा संसार खरा सुरू झाला तो त्या संध्याकाळी, असं मी आजही मानतो.

एवढं सगळं होईपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. अण्णांकडे स्वतःचा कन्सोल नव्हता. त्यांनी कधी कंट्रोलर हातातसुद्धा घेतला नव्हता. मानसीने आग्रह केला की ते हात मागे घेत, "बेडा, बेडा, नको हो. भटजी कधी बोहल्यावर चढतो काय?" भटजी चढतात, असं आम्ही म्हणणार होतो, पण अण्णांचं लग्न झालेलं नव्हतं. एवढ्यांची जुळवली, स्वतःचं राहून गेलं. एकदा मानसीने धीर करून विचारलंच. ते म्हणाले, "बघायला गेलो होतो की एकदा. मी तिथंच सरी म्हटलं. मुलीकडचे कळवतो म्हणाले." मग हसून म्हणाले, "अजून कळवलं नाही."

यंदा अण्णा जिन्यात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण म्हैसूरचा पुतण्या आला आणि आता एकटं राहायचं नाही, म्हैसूरला चला म्हणून बसला. पुतण्या भला माणूस. त्याच्या घरी काही कमी नव्हतं, फक्त दिवसभर घरात कुणी नसायचं. अण्णांनी वाद घातला नाही, पण कोरमंगलाला जाणं बंद केलं. समोरच्या गल्लीत कुणी नवा कन्सोल घेतल्याचं मी मुद्दाम सांगितलं, तरी खुर्चीतून उठले नाहीत. "तिकडं मला कोण विचारणार हो?" असं एकदाच म्हणाले. या माणसाला कुणीतरी विचारल्याशिवाय जगता येत नाही, आणि म्हैसुरात त्याला काही विचारायला कुणीच असणार नव्हतं.

तेव्हा आम्ही अण्णांसाठी स्थळ बघायचं ठरवलं. शिवाजीनगरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून आमच्यासारखाच एक वापरलेला कन्सोल आणला. एक होडीचा गेम शोधला. डावं वल्हं एकाच्या हाती, उजवं दुसऱ्याच्या, आणि ते दोघं दोन वेगळ्या गावांत असले तरी चालतं. कोरमंगलाच्या दुकानात आम्ही तो आधी बघून आलो. मग पोहे केले, अण्णांना वर आणून सोफ्यावर बसवलं आणि पत्रिका मांडली. वराकडून सगळी लाजरी उत्तरं आली. ह्या वयात? हात थरथरतात. लोक काय म्हणतील? शेवटी मानसीने त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "अण्णा, हरल्यावर तुम्ही काय करता?"

अण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मी कधी खेळलोच नाही, अक्का. हरणार कुठून?"

दुसऱ्या दिवशी पुतण्याची गाडी आली. बोचक्यांबरोबर कन्सोलचं खोकंही मी गाडीत मागच्या बाजूला ठेवलं. पुतण्या म्हणाला, जोडून देतो. अण्णांनी गाडीत बसताना माझा हात धरला, मानसीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि खोक्याकडे न बघता म्हणाले, "बघतो. कळवतो."

गाडी वळणाआड गेली तरी आम्ही दोघं फाटकातच उभे होतो. कळवतो म्हणजे काय, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

तरीही रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की आम्ही होडी काढायचो आणि म्हैसूरला बोलावणं पाठवायचो. एक वल्हं एकट्याने मारलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. आम्ही गोल फिरत राहायचो आणि मग जेवायला उठायचो. रविवारी मानसी म्हणाली, "आज राहू दे, नको वाटतं." मी म्हटलं, "एकदाच." बोलावणं पाठवलं. होडी नेहमीसारखी फिरायला लागली, आणि फिरता फिरता थांबली. उजवं वल्हं हललं. चुकीच्या दिशेने हललं, मग पाण्याबाहेरच राहिलं, मग पुन्हा आत गेलं. होडी सरळ जाऊन खडकावर आपटली आणि बुडाली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आम्ही हरल्याचं आलं.

टीव्हीतून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग अण्णांचा आवाज आला, "हरलो, अल्लवा? हरलोच ना? स्वल्प थांबा हो, भिंग कुठं ठेवलं बघतो. पुन्हा चालू करा." मी विचारलं, "अण्णा, मग कळवायचं काय आम्ही? स्थळ पसंत आहे का?"

"सरी," अण्णा म्हणाले.

मानसी उठली आणि घाईघाईने बाल्कनीत गेली. दोरीवर एकही कपडा नव्हता.