राखेचे ब्लॉक

सम्राट खोत माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या वडिलांनी शिरोलीच्या पुढं, हायवेला लागून, सिमेंट ब्लॉकचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, ब्लॉक पाडायचं मशीन, मिक्सर, पाण्याची टाकी आणि तयार ब्लॉकवर पाणी मारायला मोकळं आवार. वडील गेल्यावर सम्राटनं टेम्पो आणि गिऱ्हाईक सांभाळलं. आवार सांभाळलं त्याच्या बायकोनं, पूर्णिमा वहिनींनी.

वहिनींचं माहेर गारगोटी. बोलणं मोजकं, आवाज मात्र खणखणीत, कारण मशीनच्या धडधडीत सगळ्यांना ऐकू जायचं असतं. आवारात त्यांच्या हाताखाली चार-पाच माणसं, त्यात सगळ्यात जुनी बनाबाई. सकाळ-संध्याकाळ ब्लॉकवर पाणी मारायचं काम बनाबाईंचं.

२०१९च्या पुरात आवारात छातीइतकं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर वहिनी गोदामात गेल्या, तर सिमेंटच्या पोत्यांचे दगड झालेले. पोत्याच्या सुरकुत्यांसकट दगड. ते पहारीनं फोडून बाहेर काढताना वहिनींचे तळहात सोलून निघाले. मशीनची मोटार जळाली होती, ती बदलली, पुन्हा सुरुवात केली. दोन वर्षांनी पुन्हा तेवढंच पाणी आलं. त्या वेळी मी भेटायला गेलतो. वहिनी चिखलात बादली उपडी घालून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. "बसा भावजी," एवढंच म्हणाल्या, आणि बसायला काहीच कोरडं नाही हे त्यांच्याच लक्षात आलं. त्या दिवसाचा थकवा त्यांच्या चेहऱ्यावरून पुढं कधी गेला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या अदिती मॅडम आवारात आल्या. वय पस्तिशीच्या आत, कुरुंदवाडच्या राहणाऱ्या. त्यांचं संशोधन साखर कारखान्याच्या राखेवर चाललं होतं. बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं, त्याची राख कारखान्यामागं डोंगरासारखी पडून असते. ती चाळून, बारीक दळून घातली तर ब्लॉकमधलं सिमेंट कमी करता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना ते खऱ्या आवारात करून बघायचं होतं.

"मॅडम, राखेनं भांडी घासत्यात," सम्राट म्हणाला. "घरं न्हाईत बांधत."

वहिनींनी मात्र विचारलं, "सिमेंट कमी करून काय व्हतंय?"

मॅडमनी शेडमधल्या पोत्यावर हात ठेवला. "ताई, सिमेंट करायला चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात. तो भाजला की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोळशाचा धूर निघतो तो वेगळा. उद्या भट्टी विजेवर चालवली, तरी दगडातला वायू निघायचा तो निघणारच. सगळं जग जो कार्बन हवेत सोडतं, त्यातले शंभरातले सात-आठ भाग एकट्या सिमेंटचे आहेत."

"आन् त्यानं?"

"हवा तापते. तापलेल्या हवेत पाणी जास्त मावतं. मग पाऊस पडतो तो एकदम कोसळतो."

वहिनींनी पोत्यावरची धूळ हातानं झटकली. मग म्हणाल्या, "म्हंजे आमचाच माल आमच्यावर उलटला म्हणा की."

"तुमचा एकट्यांचा नव्हे," मॅडम घाईनं म्हणाल्या.

"ते कळलं ओ. राख कवा आणायची?"

पुढं एकदा मी वहिनींना विचारलं, की तुम्ही एवढ्या पटकन तयार कशा झालात? त्या म्हणाल्या, "पुराचा राग कुणावर तरी काढाय पायजे होता. नदीला काय बोलणार?"

पहिला माल वाया गेला. राखेत चिपाडाचे अर्धवट जळलेले धागे राहिले होते. ब्लॉक काळे पडले आणि हातात घेतले की कोपरे भुगा होऊन गळायचे. राख चाळता चाळता बनाबाईंचं तोंड असं काळं झालं की त्यांच्या नातवानं त्यांना ओळखलं नाही. मग वहिनींनी बारीक चाळणी आणली. गावातल्या एका बंद पडलेल्या मिरची-कांडपाच्या गिरणीत राख दळून घेतली. पहिल्या दळणाला मिरचीचा असा ठसका उठला, की सगळे शेडबाहेर येऊन खोकत बसले. त्या दिवशी वहिनी हसल्या. पुरानंतर मी त्यांना हसताना पाहिलेलं ते तेवढंच.

दुसरा माल बरा निघाला, तिसरा चांगला. पाचातलं एक पोतं सिमेंट वाचत होतं. कॉलेजच्या मशीनवर दाबून बघितल्यावर ताकद नेहमीच्या ब्लॉकइतकीच भरली. फक्त ती ताकद सावकाश यायची. नेहमीचा ब्लॉक आठवड्यात गिऱ्हाइकाला देता येई, राखेच्या ब्लॉकला महिनाभर पाणी मारत थांबावं लागे. आवारात जागा पुरेना, टाकीत पाणी पुरेना. बनाबाईंचे पाय दिवसभर ओल्यात राहून बोटांत चिखल्या झाल्या. आणि गिऱ्हाईक तर उभ्या उभ्या माल मागणारं.

तरीही ऋतुराज नावाच्या एका ठेकेदारानं मोठी ऑर्डर दिली. एका वसतिगृहाच्या भिंती होत्या. महिना थांबायचं त्यानं कबूल केलं. पण गवंडी बसून राहिले तसा तो रोज फोन करू लागला. नेमक्या त्याच वेळी वहिनींची आई आजारी पडली आणि त्या गारगोटीला गेल्या. ऋतुराज स्वतः टेम्पो घेऊन आवारात आला.

"सम्राटराव, वरनं तर कडक वाळल्यात की! द्या भरून. माझी जबाबदारी."

सम्राटला नाही म्हणता आलं नाही. जुनं गिऱ्हाईक, त्यात दारात उभं. महिना भरला नसताना त्यानं माल भरून दिला.

ब्लॉक उतरवतानाच कोपरे फुटले. भिंत चार थर वर गेली आणि खालच्या थराला चिरा पडल्या. ऋतुराजनं स्वतःची जबाबदारी सोयीनं विसरून फोटो काढले आणि ठेकेदारांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'खोतांचे राखेचे ब्लॉक, बघा आणि हसा.' दोन दिवसांत ते फोटो जिल्हाभर फिरले. नेहमीच्या ब्लॉकच्या ऑर्डरीसुद्धा तुटल्या.

वहिनी गारगोटीहून आल्या त्या थेट त्या बांधकामावर गेल्या. मी आणि सम्राट बरोबर होतो. त्यांनी भिंतीजवळ बसून चिरेवरून बोट फिरवलं. ऋतुराज तावातावानं बोलत होता, त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "भिंत उतरवा. नेहमीचे ब्लॉक उद्या पाठवते."

परत येताना सम्राट टेम्पो चालवत होता. हायवेच्या रुंदीकरणाचं काम चाललं होतं, नव्या पुलापाशी काँक्रीटच्या गाड्यांची रांग लागली होती. सम्राटला अपराधी वाटत होतं, आणि तसं वाटलं की तो मोठ्यानं बोलतो.

"चुकलं माझं. पण तू बी बघ की समोर! ह्या एका पुलाला एका दिवसात जेवढं सिमेंट लागतंय, तेवढं तू जन्मात वाचवणार न्हाईस. कशासाठी एवढा जीव काढायचा?"

वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. गाडी सावकाश चालवा."

पुढचं वर्ष असंच गेलं. अदिती मॅडमचं संशोधन संपलं, त्यांना पुण्यात नोकरी लागली. जाताना त्या पेढे घेऊन आल्या आणि वहिनींचा हात धरून रडल्या. साखर कारखान्यानं राखेचा ठेका दुसऱ्याच कुणाला दिला, फुकटची राख बंद झाली. कांडपाच्या गिरणीवाल्यानं गिरणी मोडीत काढली. आता वहिनी थांबणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्या थांबल्या नाहीत, पण जोरानं पुढंही गेल्या नाहीत. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात राखेच्या ब्लॉकची एक थप्पी त्यांनी चालू ठेवली. राख आता लांबच्या साखर कारखान्यातून आणावी आणि दुसऱ्या गावच्या गिरणीत दळून घ्यावी लागते. त्यांनी मॅडमना फोन करून विचारलं, "एवढ्या लांबनं टेम्पो फिरवून फायदा उरतोय का, का डिझेलच्या धुरात सगळं गेलं?"

"उरतो, ताई. बराचसा उरतो."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हे ब्लॉक घेणारी माणसं थोडी आहेत. गोठा बांधणारी, शेताला कुंपण घालणारी, ज्यांना घाई नाही अशी. वहिनी प्रत्येकाला आधीच सांगतात, की हे राखेचे हायत, महिन्याआधी मिळणार न्हाईत, आणि ग्रुपवरचे फोटो माझ्याच मालाचे हायत. हे ऐकून निम्मी माणसं परत जातात. सम्राटही आता महिना भरल्याशिवाय त्या थप्पीला हात लावू देत नाही. मागं एक ओळखीचा गवंडी हट्टाला पेटला, तेव्हा त्यानंच गेट लावून घेतलं.

परवा माझ्या भावाच्या गोठ्यासाठी ब्लॉक बघायला गेलतो. बनाबाई गुडघे दुखतात म्हणून शेडमध्ये टेकल्या होत्या आणि वहिनी स्वतः पाइप धरून थप्पीवर पाणी मारत होत्या.

"वहिनी, अजून किती वर्षं करणार हे?" मी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "कंटाळा येतोय ओ भावजी. लई येतोय. सकाळी उठताना वाटतंय, बास करावं." पाइपाला पीळ पडून पाणी बंद झालं होतं. त्यांनी वाकून पीळ सोडवला. "तुमच्या भावाला किती पायजेत ते सांगा. अन् महिना लागंल. थांबतोय का ते आदी विचारून या."