सरासरीवाले बाप-लेक

"थांब वं, बापाचं वय निघून राहिलं," असं म्हणून ताई कानामागची पेन्सिल काढायची. मग तिला हलवण्यात अर्थ नसे.

अमरावतीच्या आमच्या अभ्यासिकेत ती सगळ्यांचीच ताई होती. दर्यापूरची, आमच्यात सगळ्यांत मोठी. बँकेच्या परीक्षेची तिची वयोमर्यादा त्या वर्षी संपत होती. यंदा झालं नाही तर गावी परतून भावाच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. ती ते लपवत नसे आणि उगाळतही नसे.

असल्या परीक्षा दिल्या असतील तर 'माहिती पुरेशी आहे का' ही गणितं तुम्हाला ठाऊक असतील. एक प्रश्न, खाली दोन विधानं. उत्तर काढायचंच नसतं. ते निघेल का, एवढंच सांगायचं. बाप-लेकाच्या वयांची बेरीज पन्नास, पाच वर्षांनी बाप लेकाच्या तिप्पट. दोन वेगळी समीकरणं मिळाली, आता खूण करा आणि पुढे चला. आम्ही चालायचो. ताई मात्र बाप चाळीसचा आणि लेक दहाचा, हे काढूनच उठायची. वर म्हणायची, "पोरगं चौथी-पाचवीत असन."

मी तिच्यावर पुष्कळ चिडायचे. घड्याळ लावून बसवलं, पेन्सिल काढून घेतली. तर ती तोंडी सोडवू लागली.

एकदा फसवा प्रश्न आला. पहिलं विधान, दोघांच्या वयांची बेरीज पन्नास. दुसरं, सरासरी पंचवीस. म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितलेली, माहिती अपुरी. हे आमच्याआधी ताईनेच ओळखलं, पण तिला त्याचा आनंद झाला नाही.

"मंग या दोघायचं वय कोणालेच मालूम नाही काय?"

त्या दुपारी ती चहालाही आली नाही. आम्ही खूप हसलो.

परीक्षेचं केंद्र अकोल्यात होतं. सुटल्यावर ती रसवंतीपाशी भेटली, चेहरा फुललेला. "मायलेकीचा सवाल होता ना? माय चव्वेचाळीस, लेक सतरा. यंदा बारावीले असन."

मी मान डोलावली. तिचा निकाल मला तिथेच कळला.

निकालाच्या दिवशी फोनवर तिने फक्त माझं विचारलं. माझं झालं होतं. "बेस झालं," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

दर्यापूरच्या बसमध्ये तिचं सामान मीच चढवून दिलं. बस हलली तेव्हा तिने खिडकीतून विचारलं, "त्या सरासरीवाल्या बाप-लेकाचं काई समजलं काय वं?"

"नाही ताई. अजून एक विधान पाहिजे."

"मंग राहू दे. असन दोघायचं बरं."

परवा अभ्यासिकेत डोकावले. तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. गणितं तीच, खुणा भराभर होत होत्या. बाप किती वर्षांचा, ते कोणी विचारत नव्हतं.