दाजींच्या पावावरची मोहरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पदार्थाच्या मूळ कृतीशी बेइमानी म्हणजे एका संस्कृतीशी बेइमानी, असं मी आयुष्यभर मानत आलो. अर्थात त्या दिवशी चीज डब्यातलं होतं आणि पाव मंगळवार पेठेतल्या बेकरीचा.

शाल-श्रीफळाचे सत्कार, कोनशिला, चौकाचौकातल्या फ्लेक्सवरचे हात जोडलेले भाऊ — या सगळ्या मिरवण्याला मी हसत आलोय. मग त्या रविवारी मला स्वतःला काय झालं होतं?

अक्का, माझी थोरली बहीण, आणि तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी जेवायला येणार होते. आमच्याकडे रविवार म्हणजे मटण. पण दाजींनी दारू सोडताना गळ्यात माळ घातली होती, आणि माळेबरोबर मटणही सुटलं होतं. अक्काचा संसार त्या माळेवर उभा होता — घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. म्हणून दाजींसाठी मी वेल्श रेअरबिट करायचं ठरवलं. शाकाहारी आणि वर विलायती. चीज वितळवायचं, भाजलेल्या पावावर ओतायचं, एवढंच.

एवढंच? — त्या चीजमध्ये बिअर पडते.

पाककृतीच्या पुस्तकात खाली लिहिलं होतं, बिअर नसेल तर दूध चालेल. दूध फ्रिजमध्ये होतं. बिअरही होती, दुधाच्या शेजारीच. दुधानं काय बिघडलं असतं? कुणाला कळलं असतं? मला कळलं असतं — आणि मला अस्सल हवं होतं. शिजताना दारू उडून जाते, असं मी स्वतःला सांगितलं. चव उडते का, हे विचारलं नाही.

दाजींनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. त्यांनी पावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हातातलं उलथणं पुसत राहिलो. ते आधीच स्वच्छ होतं.

"पावणं, ह्यात काय घातलंय?"

तेव्हा सांगता आलं असतं. दाजींनी ताट बाजूला सरकवलं असतं, चूळ भरली असती, अक्कानं मला चार शब्द सुनावले असते — आणि संपलं असतं.

"मोहरी," मी म्हणालो. "वाटून."

"आता मोहरीबी सोसंना व्हय तुमास्नी?" अक्का म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी तो पाव सावकाश संपवला आणि आणखी एक मागून घेतला. मला — सांगायलाच हवं — आनंद झाला. पदार्थ जमला होता.

महिना उलटायच्या आत माळ खुंटीवर गेली. अक्कानं दाजींच्या पेठ वडगावच्या दोस्ताला धरलं. त्यानंच पुन्हा नादाला लावलं म्हणून दारातूनच शिव्या देऊन हाकलला. तो पोराबाळांच्या शपथा घेत होता. मी आत खुर्चीवर बसून ऐकत होतो.

मग दाजींना चार गोष्टी समजावायला घरच्यांनी मलाच पुढं केलं. शिकलेला माणूस ना! मी मनोनिग्रहावर बोललो. बराच वेळ, आणि वाईट बोललो नाही. दाजी मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मोहरी लई तेज हुती, पावणं."

अक्काला वाटलं, प्यायलेत, बरळतायत. मी तिला तसं वाटू दिलं.

त्या दोन पावांनीच झालं का? नसेलही. पण त्यांनी विचारलं होतं. माहीत असलेला माणूस घरात एकच होता, आणि त्यालाच विचारलं होतं. दाजी अजून पितात. तो दोस्त अक्काच्या दारात अजून येत नाही.

परवा ती कृती पुन्हा काढून वाचली. मोहरी तिच्यात खरोखरच आहे, चमचाभर. त्या दिवशी ती घालायची मी विसरलो होतो.